अनवाणी पाय आणि उपनगरातला रस्ता



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, राज्यघटना, अंदाजपत्रक, हिमालयातला प्रवास हे विषय आपल्या कानांना सवयीचे आहेत. त्या पंक्तीत ‘अनवाणी चालणे आणि धावणे’ हा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना गंमत वाटली असेल. चालण्यात शिकायचे ते काय, असेही कुणी म्हटले असेल. परंतु ज्या भाषेत रागाची आग तळपायात पेटून मस्तकात जाते, ज्या भाषेत एका जागी न ठरणाऱ्याच्या पायाला भिंगरी असते आणि कचेरीच्या खेपा घालणाऱ्याचे जोडे झिजतात, ती भाषा बोलणाऱ्यांना पाय हा विषय हलका वाटण्याचे कारण नाही.

प्रारंभीच सांगून टाकतो की मी डॉक्टर नव्हे. पुष्कळ वर्षे शाळेत मुलांना कवायत आणि मैदानी खेळ शिकवले, एवढाच माझा अधिकार. तेव्हा हाडांविषयी जे सांगेन ते जाणत्यांनी लिहिलेले वाचून, आणि मैदानाविषयी जे सांगेन ते डोळ्यांनी पाहून, असे आपण समजावे.

अलीकडे आपल्या उपनगरांत पहाटेच्या वेळी एक नवे दृश्य दिसू लागले आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने फिरणाऱ्यांत, जुहूच्या ओल्या वाळूवर, मुलुंडच्या डोंगराकडच्या रस्त्यांवर एखादा गृहस्थ किंवा एखाद्या बाई बूट हातात धरून अनवाणी चालताना दिसतात. काही जण धावतातही. कुणी पुस्तक वाचलेले असते, कुणाला मित्राने सांगितलेले असते, कुणाचा गुडघा दुखत असतो आणि हा उपाय करून पाहू असे त्याने मनाशी ठरवलेले असते. यांतले कित्येक तीन-चार आठवड्यांनी दिसेनासे होतात. चौकशी करावी तर कळते की पाय सुजला, टाच धरली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मग ते गृहस्थ अनवाणी चालण्याला नावे ठेवू लागतात. माझ्या मते दोष अनवाणी चालण्याचा नसतो, घाईचा असतो. चाळीस वर्षे बुटात कोंडलेला पाय एका रविवारी मोकळा करून त्याच दिवशी त्याला पाच किलोमीटर पळवायचे, हा त्या पायावर अन्याय आहे.

ही चाल आपल्याकडे परदेशातून आली, अशी पुष्कळांची समजूत आहे. २००९ साली ख्रिस्तोफर मॅक्डूगल या अमेरिकन लेखकाचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक निघाले आणि तिकडे अनवाणी धावण्याची लाट आली, हे खरे. पण आपल्याकडची गोष्ट त्याहून फार जुनी आहे, आणि ती आपल्याच पुण्यातली आहे. पहिले महायुद्ध संपल्यानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती होत. सर दोराबजी टाटा त्या पाहायला गेले होते. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती हकीकत नमूद केली आहे. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातले तरुण होते. शेतात राबणारे, साधे अन्न खाणारे. युरोपातल्या नियमांची त्यांना माहिती नव्हती, शास्त्रशुद्ध शिक्षण नव्हते, आणि ते अनवाणी धावत होते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या शेजारी ठेवण्यासारख्या आहेत असे दोराबजींना दिसले. या दर्शनातून त्यांच्या मनात आले की हिंदुस्थानने ऑलिंपिकला खेळाडू पाठवावेत, आणि १९२० साली अँटवर्पला आपला एक छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. त्या साली मॅरेथॉनचे अंतर आजच्यापेक्षा थोडे अधिक, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते, हेही लक्षात ठेवावे. आपल्या देशाच्या ऑलिंपिकच्या इतिहासाची सुरुवात शोधत गेलो तर आपण डेक्कन जिमखान्यावरच्या त्या अनवाणी पावलांपाशी येऊन पोहोचतो. शाळेच्या पुस्तकात हे असायला हवे होते. असो.

यानंतर अबेबे बिकिलाचे नाव आपणांपैकी पुष्कळांना आठवेल. १० सप्टेंबर १९६० रोजी रोम शहरात इथिओपियाचा हा सैनिक मॅरेथॉन अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत पहिला आला. ही गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात. मी आणखी दोन वाक्ये सांगतो. एक असे की त्याने रोममध्ये ऐन वेळी जोडे काढून टाकण्याचे साहस केले असे नव्हे. त्याचा सराव अनवाणी झालेला होता. नवे जोडे पायाला बसेनात, म्हणून तो आपल्या जुन्या सवयीकडे परतला. दुसरे असे की चार वर्षांनी टोकियोला तोच बिकिला जोडे घालून धावला, पुन्हा पहिला आला, आणि या वेळी रोमपेक्षा तीन मिनिटांनी लवकर आला. तेव्हा जोडे टाकले की माणूस वेगवान होतो, असा निष्कर्ष त्याच्या नावावर खपवू नये. त्याच्या उदाहरणावरून एवढेच दिसते की ज्या पायाला जशी सवय, तसा तो चालतो.

आपल्याकडे मिलिंद सोमण यांचे उदाहरण ताजे आहे. २०१६ साली ते अहमदाबादहून मुंबईपर्यंत ५२७ किलोमीटर अनवाणी धावत आले, आणि २०१७ साली फ्लोरिडातील अल्ट्रामॅन स्पर्धेत पोहणे आणि सायकल झाल्यावरचे ८४ किलोमीटर त्यांनी तसेच अनवाणी पार केले. त्यांच्या मातोश्री उषाताईही साडी नेसून लेकाबरोबर अनवाणी धावल्या. वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते शेवटच्या दिवसाचे. त्याच्या मागे किती वर्षांचा सराव उभा आहे ते छायाचित्रात दिसत नाही, आणि वाचणारा मात्र सोमवारी सकाळी चप्पल घरी ठेवून बाहेर पडतो.

श्रोतेहो, आता मला थोडे अवघड बोलायचे आहे. अनवाणी पाय दोन प्रकारचे असतात. एक हौसेने अनवाणी झालेला, दुसरा नाइलाजाने अनवाणी राहिलेला. या दोहोंची गल्लत केली तर आपले सारे बोलणे पोटभरल्या माणसाने उपासाचे गुण गाण्यासारखे होईल.

मार्च २०१८ मधली ती रात्र मुलुंड-घाटकोपरच्या लोकांना मी वर्णन करून सांगायला नको. नाशिकहून ६ मार्चला निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून, ठाण्याकडून आपल्या उपनगरांत शिरले. पूर्व द्रुतगती मार्गाने मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर ओलांडून ते शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी मुलांची दहावीची परीक्षा होती, रस्ते अडून मुलांची गैरसोय होऊ नये म्हणून ते थकलेल्या पायांनी रातोरात आझाद मैदानाकडे निघाले. त्यांच्या तळव्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. कातडी सोलून निघालेली, फोड फुटलेले, भेगांत रक्त. कित्येकांच्या पायांत चप्पल नव्हती, कित्येकांची वाटेत तुटली होती. मुंबईच्या लोकांनी पाणी दिले, खाणे दिले, आणि चपलाही दिल्या. आयुष्यभर रानात अनवाणी फिरलेले ते पाय होते. अशा पायांचीही सहा दिवसांच्या डांबरी रस्त्याने ती दशा केली. अनवाणी चालणे नैसर्गिक आहे, म्हणून ते निर्धोक आहे असे जे म्हणतात त्यांनी ती छायाचित्रे पुन्हा एकदा पाहावीत.

आणि मागची एक गोष्टही विसरून चालणार नाही. आपल्या देशातल्या कित्येक गावांत ठराविक जातींच्या माणसांनी वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, असा दंडक होता. ज्याच्या आजोबांच्या पायांतून वहाण काढून घेतली गेली, त्याच्या नातवाला नव्या बुटाचा अभिमान वाटला तर त्याला ‘अनवाणी चाल, बरे असते’ म्हणून सांगायला जाण्याचा आपणांस अधिकार नाही. २०१४ साली बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण आपण कौतुक कशाचे करतो आहो याचे भान असावे. पायांत काही नसणे हे त्यांचे व्यायामाचे तत्त्वज्ञान नव्हते. म्हणून मी जे पुढे सांगणार आहे ते, ज्याच्या घरी चांगल्या पायताणांचे दोन जोड आहेत आणि जो मनात येईल तेव्हा ती घालू शकतो, त्याच्यासाठी आहे.

आता पायाकडे वळू. एका पावलात सव्वीस हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून बावन्न, म्हणजे शरीरातल्या एकंदर हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याच्या खाली आहे. त्यांना बांधून ठेवणारे शंभराहून अधिक स्नायुबंध आहेत. तळव्याखाली जी कमान असते ती दगडी पुलासारखी ताठ नसते. भार पडला की ती थोडी खाली बसते, पाऊल उचलले की परत वर येते. ही कमान ज्या लहान लहान स्नायूंवर सांभाळली जाते त्यांना काम मिळाले तर ते बळकट राहतात, न मिळाले तर शिथिल होतात. हाताला प्लास्टर घातले की सहा आठवड्यांत दंड कसा बारीक होतो ते आपण पाहिले आहे. जाड, मऊ आणि चोहोंकडून आवळणारा बूट हे पायाचे सौम्य प्लास्टर आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

याला काही आधार आहे काय? आहे, आणि तो आपल्या शेजारचाच आहे. कर्नाटकच्या किनाऱ्यावर मणिपाल येथे राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९९२ साली त्याचा निष्कर्ष छापला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाऊल शेकडा ८.६ होते, न वापरणाऱ्यांत शेकडा २.८. पुढून बंद असलेला बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त, सपाता आणि चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. शाळेच्या काळ्या बुटांविषयी माझे मत त्यामुळे फारसे चांगले नाही, पण शाळांच्या व्यवस्थापकांना ते पटवण्यात मला यश आलेले नाही.

धावण्याविषयी हार्वर्डचे प्राध्यापक डॅनियल लिबरमन यांनी २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. बूट घालून धावणारे बहुधा टाच आधी टेकतात, कारण बुटाच्या टाचेखाली गादी असते. लहानपणापासून अनवाणी धावणारे पुष्कळदा पावलाचा पुढचा भाग आधी टेकतात आणि मग टाच हलकेच खाली येते. त्यामुळे कठीण जमिनीवरसुद्धा आदळण्याचा धक्का कमी बसतो. हे आपण येथेच करून पाहू शकता. सभागृहाबाहेर गेल्यावर जागच्या जागी उडी मारून टाचांवर उतरून पाहा, म्हणजे दातापर्यंत हिसका जाणवेल. मग चवड्यांवर उतरून पाहा. पण येथेही सरसकट विधान करू नये. २०१३ साली उत्तर केनियातल्या दासनाच नावाच्या जमातीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक जन्मभर अनवाणी, आणि तरी बेताच्या वेगाने धावताना त्यांच्यातले बहुसंख्य टाचच आधी टेकत होते. तात्पर्य, पाय कसा टेकायचा हे वेग, जमीन आणि सवय यांवर ठरते. पुस्तकात वाचून बळेच चवड्यावर धावणाऱ्यांची पोटरी प्रथम बंड करते.

आता घाई केल्याने होते काय? अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. नेहमी धावणारे ३६ निरोगी लोक घेतले. एकोणीस जणांना दहा आठवड्यांत, पाच बोटांचे हातमोजे असावेत तशा पातळ पायमोजेवजा बुटांची सवय करायला सांगितली. सतरा जण आपल्या नेहमीच्या बुटांत राहिले. दहा आठवड्यांनंतर पावलांची चुंबकीय तपासणी केली तेव्हा पातळ बूटवाल्या एकोणिसांपैकी दहा जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. हाडाला चीर पडण्याची ती आधीची पायरी. दुसऱ्या गटात असा एकच निघाला. लक्षात घ्या, हे आपल्यासारखे खुर्चीवरून उठून आलेले लोक नव्हते, सरावलेले धावक होते, आणि त्यांना दहा आठवडे मिळाले होते. तेवढेही पुरले नाहीत.

यात नवे काहीच नाही. १८५५ साली ब्राइथाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे क्ष-किरण आले तेव्हा कळले की बोटांच्या मागच्या लांब हाडांना बारीक चिरा जात होत्या. नवा रंगरूट, नवा भार, आणि थांबण्याची मुभा नाही, एवढे तिन्ही जमले की हाड चिरते.

याचे कारण समजून घेतले म्हणजे पुढची सारी पद्धत आपोआप सुचते. शरीरातले सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. तळव्याची कातडी काही आठवड्यांत जाड होते. स्नायूंना त्याहून अधिक वेळ लागतो. टाचेमागची शीर, जिला डॉक्टर अकिलीसची शीर म्हणतात, ती आणि हाडे यांना महिनेच्या महिने लागतात. म्हणजे कातडी म्हणते ‘झाले, चला’, आणि हाड अजून कच्चे असते. जोवर कातडी कोवळी आहे तोवर ती चुरचुरते आणि आपल्याला थांबवते, ही आपल्यावर कृपाच आहे. पातळ बुटाने हा पहारेकरी झोपी जातो. म्हणून माझे असे मत आहे की सुरुवात करायची तर पूर्ण अनवाणी करावी, थोडी करावी, आणि तळवा बोलेल ते ऐकावे. जाड झालेला तळवा बधिर होतो अशीही एक भीती असते. तीही लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली केनियात तपासली. घट्टे जाड झाले तरी जमिनीची जाण कमी होत नाही, असे त्यांना आढळले.

पहिला धडा घरातला. आपल्या घरांत उंबऱ्यापाशी चपला काढण्याची रीत आहे, ही आपली मोठी कमाई. युरोपियन माणसाला जे नव्याने शिकावे लागते त्याचा अर्धा भाग आपण जन्मापासून करीत आलो आहो. अलीकडे फरशी टणक म्हणून घरातही मऊ सपाता घालण्याची पद्धत पडली आहे. डॉक्टरांनी टाचदुखीसाठी सांगितल्या असतील तर त्या जरूर घालाव्यात, एरवी सोडाव्यात. दात घासताना एका पायावर उभे राहावे, मग दुसऱ्या. वाण्याकडच्या रांगेत उभे असताना टाचा उचलाव्यात, हळूच टेकाव्यात. जमिनीवर पडलेला पंचा पायाच्या बोटांनी ओढून गोळा करावा. आणि उकिडवे बसण्याची सवय ज्यांची सुटली आहे त्यांनी आधाराने ती परत आणावी. खुर्चीने आणि कमोडने आपले घोटे आखडले आहेत, आणि आखडलेल्या घोट्याने अनवाणी धावू जाणे म्हणजे टाचेच्या शिरेला आमंत्रण देणे. हे तीन-चार आठवडे न कंटाळता करावे. यात पाहण्यासारखे काही नाही, त्यामुळे बहुतेक जण हा धडाच गाळतात.

दुसरा धडा बाहेरचा. सोसायटीच्या आवारात, झाडून स्वच्छ केलेल्या सपाट जागेवर, पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी नाही, एक दिवस सोडून. पुष्कळांना वाटते की मऊ वाळूवर सुरुवात सोपी. तसे नाही. मऊ वाळूत पाय रुततो, पोटरीवर ताण येतो आणि चुकीची ढब लपून जाते. सपाट कठीण जमीन खरे सांगते. जुहूला किंवा वर्सोव्याला जायचेच तर ओहोटीच्या वेळी पाण्याजवळच्या घट्ट ओल्या वाळूवर चालावे. किनारा उतरता असतो, त्यामुळे जाताना एक पाय खाली राहतो. जितके गेलात तितकेच त्याच वाटेने परत या, म्हणजे हिशेब जुळतो. पावले लहान टाकावीत. आवाज ऐकावा. थाड थाड आवाज येत असेल तर काही तरी चुकते आहे. नीट चालणाऱ्या अनवाणी माणसाची चाहूल लागत नाही. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. अर्धा तास सुखाने चालता येऊ लागेपर्यंत, म्हणजे साधारण अडीच-तीन महिने, धावण्याचे नाव काढू नये.

धावणे त्यानंतर. नेहमीची फेरी बूट घालून पुरी करावी आणि शेवटी बूट काढून दोनशे पावले धावावे. पुन्हा एक दिवस सोडून. आठवड्यांमागून आठवडे हा आकडा हळूहळू वाढवावा. पावले जलद आणि आखूड, पाय अंगाखालीच पडला पाहिजे, पुढे फेकलेला नको. सहा महिन्यांनी एक-दोन किलोमीटर जमले तर समाधान मानावे. कुणाला वर्ष लागेल. आपली तुलना शेजारच्याशी करू नये, कारण शेजारच्याचे वय, वजन आणि लहानपण निराळे असते. रायगड किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यात वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत अनवाणी शाळेत गेलेला माणूस आणि अंधेरीच्या चौथ्या मजल्यावर वाढलेला माणूस यांच्या पायांचा इतिहासच वेगळा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी धावल्या आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ पदक घेऊन आल्या. ते पाय बालपणीच घडले. पन्नाशीत घडवायला घेतलेले पाय घडतात, पण त्यांना वेळ लागतो.

थांबायचे केव्हा, हे मी शाळेतल्या मुलांना सांगत असे तसेच सांगतो. पोटरी सगळीकडून भरून आली तर तो व्यायामाचा शीण आहे, दोन दिवसांत जातो. पण पावलाच्या वरच्या बाजूला एक बोट ठेवून ‘नेमके येथेच’ असे दाखवता आले, तर तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सकाळी उठून पहिली चार पावले टाकताना टाच किंवा तिच्या मागची शीर ओरडत असेल तर आठवडाभर मागे यावे.

काही जणांनी या वाटेला जाऊच नये. मधुमेह आहे आणि पायाची जाण कमी झाली आहे, अशांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. काच टोचलेली कळत नाही, जखम चिघळते, आणि पुढे काय होते ते येथे बसलेल्यांपैकी काहींनी आपल्या घरात पाहिले असेल. ज्यांना मधुमेह आहे पण पाय ठीक वाटतो, त्यांनीही आधी पायाची जाण तपासून घ्यावी. धनुर्वाताची सुई दहा वर्षांत घेतली नसेल त्यांनी ती प्रथम घ्यावी. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन, पुसून, दिव्याखाली तळवा पाहावा. वाकून दिसत नसेल तर आरसा घ्यावा.

आपल्या रस्त्यांविषयी न बोललेलेच बरे. तथापि बोलतो. काच, खिळे, पानाच्या पिचकाऱ्या, कुत्र्यांची घाण, आणि जेथे पाहावे तेथे खोदकाम. पदपथावरचे उखडलेले ठोकळे तर बूट घालूनही पाय मुरगळायला पुरेसे आहेत. त्यामुळे बाजाराच्या रस्त्यावर अनवाणी फिरणे यात मला पराक्रम वाटत नाही. डोळ्यांनी दहा पावले पुढची जमीन वाचता येईल अशी जागा आणि तेवढा उजेड असेल तरच जोडे काढावेत. चैत्र-वैशाखात नऊ वाजल्यानंतर डांबर तापते. तळव्याला फोड यायला दोन मिनिटे पुरतात.

आणि पावसाळा. पहिला मोठा पाऊस पडला की अनवाणी बाहेर पडणे बंद करावे ते पाऊस सरेपर्यंत. रस्त्यावरच्या तुंबलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाने मुंबईत किती माणसे दगावली ते आपल्या स्मरणात आहे. पायाला बारीकशी भेग असली तरी त्याला वाट मिळते. अंकुशकृमीही ओल्या घाण मातीतून तळव्यावाटेच शिरतो. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेच तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यावी, असे महानगरपालिका दर वर्षी सांगते. ते मनावर घ्यावे.

शेवटचा मुद्दा विशेषतः भगिनींसाठी, कारण हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालण्याचे व्रत आपल्याकडे पुष्कळ जण करतात. डोंबिवली-बोरिवलीच्या गाडीतून, कचेरीत, बाजारात, सगळीकडे अनवाणी. श्रद्धेविषयी मी काही बोलणार नाही. पण घटस्थापनेच्या सकाळी एकदम पायताण सोडून दिवसाला आठ-दहा हजार पावले टाकायची, म्हणजे मघाच्या त्या एकोणीस धावकांपेक्षाही मोठी उडी झाली. ज्यांना हे व्रत करायचे आहे त्यांनी श्रावणापासूनच घरातल्या सपाता सोडाव्यात, टाचा उचलण्याचा व्यायाम धरावा, आणि भाद्रपदात पाऊस उघडला असेल त्या दिवशी कोरड्या आवारात दहा, पंधरा, वीस मिनिटे अशी पायरी चढावी. गाडीत चढउतरताना कुणाची बुटाची टाच पायावर पडते, त्यासाठी फलाटावर कडेला उभे राहावे. पुलाच्या लोखंडी पट्ट्या दुपारी तापतात, तेथे सावलीची बाजू धरावी. रात्री पाय धुऊन खोबरेल तेल लावावे. आणि दसऱ्याला चप्पल घातल्यानंतर पहिले दोन दिवस तीच पायाला टोचते, म्हणून त्या दिवसांसाठी नवी चप्पल घेऊ नये, जुनी मुरलेलीच घालावी.